कोकणातले समुद्राचे कडे बघायचेत, साताऱ्याहून तीन दिवसांचा प्लॅन कसा करू?

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवार रविवार सोमवार अशी सुट्टी जमवलीय आणि साताऱ्याहून आपल्या गाडीने कोकणात उतरायचंय. आम्ही सहा जण, मी, बायको, मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत आणि आईबाबा. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत पण चालायला घट्ट आहेत, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे खूप पायऱ्या असतील तिथं तिला बसायला चांगली जागा हवी.

ह्यावेळी वाळूचा बीच, बनाना राईड, घोडागाडी हे काही नकोय. मला समुद्रात थेट तुटलेले कडे बघायचेत, म्हणजे वर सपाट सडा आणि खाली लाटा आपटतायत असं. आपल्याकडं कड्यांची कमी नाही, कास, ठोसेघर, सडावाघापूर सगळं उशापायथ्याला आहे, पण कड्याच्या खाली दरीऐवजी समुद्र असतो ते पोरांनी अजून बघितलेलं नाही आणि बाबांचीही फार दिवसांची इच्छा आहे.

युट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण तीन दिवसांत हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंत सगळं दाखवतो, ते आपल्याला झेपणारं नाही. हरिहरेश्वर, हेदवीची बामणघळ, आरे-वारे, रत्नदुर्ग, देवगड अशी नावं काढून ठेवलीत. आईला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायचीय. ह्यातलं काय धरू, काय सोडू, कुठल्या घाटाने उतरू आणि पोरांना घेऊन काठाजवळ कितपत जाणं बरोबर, हे जाऊन आलेल्यांनी सांगा. दोन वीकेंड हातात आहेत, त्यातला कुठलाही चालेल.

सड्यावरचा_माणूस (गाव गुहागर तालुका, नोकरी सातारा)

दादा, माझं गाव तिकडंच आहे आणि पोटापाण्यासाठी साताऱ्यात राहतो, त्यामुळे हा रस्ता माझा नेहमीचाच.

पहिलं म्हणजे हरिहरेश्वर ह्या ट्रिपमधून काढा. ते रायगड जिल्ह्यात वर राहिलं, साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड करून म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूने जावं लागतं. तिथून खाली रत्नागिरीपर्यंत यायचं म्हटलं तर तीन दिवस गाडीतच जातील आणि आईंचे गुडघे अजून धरतील. ते वेगळं करा, दोन दिवसांत निवांत होतं.

तुम्हाला पाहिजे तसे कडे गुहागर ते रत्नागिरी ह्या पट्ट्यात भरपूर आहेत. साताऱ्याहून हायवेने उंब्रज, तिथून आत वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, चिपळूण. कुंभार्लीत अवजड वाहनं बरीच असतात, पहाटे साडेपाचला सातारा सोडलं तर घाट मोकळा मिळतो आणि पोरांचा नाष्टा पाटणला होतो. चिपळूणहून गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास.

शनिवारी गुहागरला मुक्काम टाका. दुपारी जेवून जरा पडा, व्याडेश्वराचं दर्शन घ्या आणि चारच्या सुमाराला अंजनवेलला निघा. तिथं गोपाळगड आहे आणि पुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि शेजारी दीपगृह. देवळाच्या पाठीमागं सडा एकदम संपतो आणि खाली समुद्र. दीपगृहावर संध्याकाळी ठरावीक वेळातच तिकीट काढून वर सोडतात, वेळ तिथं आधी विचारून घ्या नाहीतर पोरं हिरमुसतात. आईंना दीपगृह चढायची गरजच नाही, देवळाच्या आवारातून पण सगळं दिसतं. दाभोळच्या खाडीचं तोंड, मच्छीमारांच्या होड्या आत येताना, सगळं वरून.

रविवारी हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन खाली समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळाशी या, त्याच्यामागंच बामणघळ. काळ्या कातळात एक लांबोडकी अरुंद भेग आहे, समुद्राने वर्षानुवर्षं फोडून केलेली, भरतीची लाट त्या भेगेत शिरली की तिला बाजूला जायला जागा नसते म्हणून ती सरळ वर उडते. आवाज असा येतो की पोटात हादरतं. पण हे फक्त भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसते आणि लोक म्हणतात ह्यात काय बघायचं.

हेदवीहून पुढे तवसाळ, तिथून फेरीबोटीत गाडी घालायची आणि शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरायचं. पोरांना बोट हीच मोठी गंमत वाटेल. जयगडचा किल्ला बघा आणि मग कऱ्हाटेश्वर. कऱ्हाटेश्वरचं देऊळ अगदी कड्याला चिकटून आहे, खाली पायऱ्या उतरल्या की कातळातून गोड्या पाण्याचं गोमुख आणि समोर खारा समुद्र. आई वर देवळात बसल्या तरी त्यांना लाटा दिसतील, उतरायची सक्ती नाही. माझ्या मते ह्या सगळ्या पट्ट्यात शांतपणे बसायला ह्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि गर्दी गणपतीपुळ्याला असल्यामुळे इकडं लोक कमीच येतात.

भडंगप्रेमी_सांगली

वरच्या दादांचा प्लॅन चांगला आहे पण मी सांगलीचा असल्यामुळे आमचं कोकण रत्नागिरीपासून खाली सुरू होतं, ते पण सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

आम्ही कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करून साखरप्यावरून रत्नागिरीत उतरतो. कोल्हापूर ते रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास. रत्नागिरीत रत्नदुर्ग बघितल्याशिवाय येऊ नका. घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला, तीन बाजूंना समुद्र, गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते आणि आत भगवती देवीचं देऊळ. तटावरून खाली बघितलं की कडा किती सरळ उतरलाय ते कळतं. शेजारच्या टेकाडावर दीपगृह आहे, तिथून किल्ल्याचा कडा समोरून दिसतो आणि खालच्या गुहेचं तोंडही दिसतं. फोटोसाठी मी तर म्हणेन किल्ल्यापेक्षा दीपगृहाची बाजू भारी.

पण तुमचं खरं समाधान होईल ते त्याच्या खाली. रत्नागिरीहून सागरी महामार्गाने पावस, मग पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून राजापूर तालुक्यात शिरायचं आणि काशेळीला जायचं. काशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे, आपल्याकडं सूर्याची देवळं फार कमी, त्यातलं हे जुनं. ह्या सूर्याची मूर्ती समुद्रकाठच्या गुहेत सापडली अशी आख्यायिका आहे, आणि ती जागा म्हणजे देवघळी. देवघळीला वर सड्याच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही हातांना कडे आणि मधे अर्धवर्तुळात आत आलेलं पाणी, खाली इवलीशी वाळू. यवतेश्वर दादा, तुम्ही जे वर्णन केलंय, वर सपाट आणि खाली लाटा, ते हुबेहूब हेच आहे.

अजून एक गोष्ट, ह्याच काशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, तो इतका मोठा की उभं राहून एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अशी पुष्कळ ठिकाणं आहेत, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. आठवीतल्या मुलाला हे नक्की दाखवा, इतिहासाच्या पुस्तकात अश्मयुग वाचण्यापेक्षा तिथं त्या दगडावर अनवाणी उभं राहिलं की पोरांना आपोआप प्रश्न पडतात. चित्राच्या आत मात्र पाय ठेवू द्यायचा नाही, कडेने फिरायचं. जांभा टणक दिसतो पण हजारो पायांनी कोरलेली रेघ पुसट होते.

तीन दिवसांत मी असा जाईन, रत्नागिरी मुक्काम दोन रात्री, एक दिवस वर आरे-वारे गणपतीपुळे, एक दिवस खाली काशेळी आंबोळगड. देवगड विजयदुर्ग पुढच्या वेळी, ते लांब पडतं. ज्यांना खालून परत यायचंय त्यांना राजापूरहून अणुस्कुरा घाट आहे, पण आईबाबा सोबत असताना आंबा घाटच बरा.

यवतेश्वरचा_वारा

दोघांचेही मनापासून आभार, असं कुणी समजावून सांगत नाही. घरी वाचून दाखवलं, बाबांनी लगेच बामणघळ आणि कऱ्हाटेश्वर धरलं आणि पोराला हत्ती पाहिजे.

आता प्रश्न असा की बामणघळ भरतीला बघायची आणि आईची हरिहरेश्वर प्रदक्षिणा (ती वेगळी करू पुढे) ओहोटीला करायची, मग ही भरती ओहोटी घरबसल्या आधी कशी काढायची? माझे दोन वीकेंड आहेत त्यातल्या एकात शनिवारी चतुर्दशी आणि रविवारी पौर्णिमा येतेय, दुसऱ्यात शनिवारी अष्टमी आणि रविवारी नवमी. मी तर हॉटेल कुठल्या दिवशी स्वस्त मिळतंय त्यावरून ठरवणार होतो.

दुर्गभटक्या_कराड

भाऊ, हॉटेलवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. आम्ही समुद्रातले किल्ले करणारे सगळे हेच करतो. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचं पाऊणपट करायचं, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. दिवसा पण तेवढ्याच वाजता आणि रात्री पण साधारण तेवढ्याच वाजता. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, आकडा प्रतिपदेपासून परत एकपासून धरायचा.

आता तुमचे वीकेंड बघा. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रविवारी सकाळी सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती आणि संध्याकाळी पाच साडेपाचला ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा. आता अष्टमी, आठचं पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, दुपारी बाराला पाणी पार मागं. डिसेंबरात सकाळी सहाला अंधार आणि संध्याकाळी सहाला सूर्य बुडतोय, म्हणजे बामणघळ तुम्हाला धड दिसायचीच नाही.

आणि नुसती वेळ नाही, जोर पण बघायचा. पौर्णिमा अमावस्येला सूर्य चंद्र एका रेषेत येतात म्हणून उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीला भांगाची भरती, पाणी मरगळल्यासारखं चढतं. उधाणाचा जोर तर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस अजून वाढलेला असतो. म्हणजे तुमचा पौर्णिमेचा वीकेंड बामणघळीसाठी सोन्यासारखा आहे, डोळे झाकून तोच घ्या.

एक लक्षात ठेवा, हा हिशोब ढोबळ आहे. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते तर पाऊणपटात फक्त पंचेचाळीसच मिनिटं धरलेली असतात, म्हणून पंधरवड्याच्या शेवटाला थोडी खोट येते. फिरायला जायची तारीख ठरवायला हे पुरेसं आहे, पण जिथं पाण्याजवळ उतरायचं असेल तिथं आदल्या दिवशी मोबाईलवर रत्नागिरी किंवा जयगडचं भरतीचं टेबल बघाच. आणि वाऱ्यापावसाचा अंदाज बघताना हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का तेही बघा. कधीकधी इथं आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि लांब समुद्रात झालेल्या वादळाच्या लाटा दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, त्या तिथीच्या हिशोबात बसत नाहीत.

आईंच्या हरिहरेश्वर प्रदक्षिणेसाठी उलटं करायचं. तिथली वाट पायऱ्यांनी खाली उतरून कड्याच्या पायथ्याने कातळावरून जाते आणि भरतीला ती पाण्याखाली असते, तिथं लोक लाटेत ओढले गेलेत, त्यामुळे हा विषय हलक्यात घ्यायचा नाही. चतुर्थी किंवा पंचमी धरा. चारचं पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. साडेआठला उतरायला सुरुवात करून आरामात साडेनऊपर्यंत वर यायचं, ऊन पण डोक्यावर आलेलं नसतं. तिथल्या कड्याच्या दगडाला खाऱ्या पाण्याने खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, ते बघायला थांबावंसं वाटतंच, म्हणून वेळ हातात ठेवून उतरा. आणि देवळाजवळच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नका. त्यांनी आज नको म्हटलं तर नको.

वाईची_ताई

मी माझ्या सासूबाईंना आणि लहान मुलांना घेऊन हा गुहागर जयगडचा पट्टा केलाय म्हणून बाईमाणसांच्या कामाचं थोडं सांगते, पुरुष मंडळी हे लिहीत नाहीत.

हेदवीला दशभुजा गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे पण गाडी जवळ जाते, तिथं बाथरूमची सोय आहे, ती वापरून घ्या कारण खाली समुद्रावर काही नाही. बामणघळीला जाताना उमामहेश्वराच्या देवळापासून पुढे ओबडधोबड कातळावरून चालायचं आहे, अंतर थोडंच आहे पण गुडघेदुखीच्या माणसाला खडकातून खडकात पाय टाकणं अवघड जातं. सासूबाई देवळापाशीच बसल्या होत्या आणि त्यांना तिथून उडणारं पाणी दिसलं, आवाज तर आलाच, त्या खूश होत्या. आईंसाठी एक फोल्डिंगची खुर्ची गाडीत टाका, सगळीकडे कामाला येते.

चपला नकोत, सगळ्यांना बूट. काळ्या कातळावर हिरवं शेवाळ असतं ते कोरडं दिसतं आणि पाय ठेवला की सटकतं. मुलीला टोपी रबराने बांधलेली द्या, कड्यावर वारा खालून वर येतो आणि टोपी उडाली की पोरं विचार न करता तिच्यामागं धावतात. हे फार महत्त्वाचं आहे.

जेवणाचं आधी फोन करून सांगा. गुहागर, हेदवी, जयगड सगळीकडे घरगुती खानावळी आहेत पण आयत्या वेळी सहा जण दारात उभे राहिले तर त्यांचीही पंचाईत होते. शाकाहारी असाल तर उकडीचे मोदक, घावन, डाळिंब्यांची उसळ मिळते, मासे खात असाल तर जे ताजं असेल तेच खा, सुरमईचा हट्ट धरू नका, बांगडा पण फार छान करतात. तिखट आपल्यापेक्षा कमी असतं, बाबांना आवडेल.

रविवारी दुपारी तवसाळच्या बोटीला गाड्यांची रांग लागू शकते, पाणी बिस्किटं हाताशी ठेवा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की मोठ्यांचा हात धरल्याशिवाय काठाकडे जायचं नाही. तिथं गेल्यावर सांगून उपयोग होत नाही, समुद्र दिसला की ती ऐकत नाहीत.

यवतेश्वरचा_वारा

ताई खूप आभार, टोपीचं माझ्या डोक्यात आलंच नसतं. पौर्णिमेचा वीकेंड पक्का केला. सड्यावरच्या दादा, काठाजवळ कितपत जावं हे राहिलं, ते तुम्हीच सांगा. कासला आम्ही पोरांना घेऊन नेहमी जातो, सडा चालायची त्यांना सवय आहे.

सड्यावरचा_माणूस

दादा बरं झालं कासचं नाव काढलंत. कासला तुमच्या पायाखाली जो जांभा आहे तोच आमच्या सड्यावर आहे, फक्त तो हजार-बाराशे मीटर उंचीवर आणि आमचा समुद्राच्या डोक्यावर. दिसायला पण सारखाच, लाल-काळा, भोकाभोकाचा, पावसाळ्यात हिरवा आणि डिसेंबरात वाळलेल्या गवताने पिवळा. म्हणूनच सवय आहे असं वाटतं आणि तिथंच घात होतो.

जांभा वरून टणक असतो, त्याचे चिरे काढून आम्ही घरं बांधतो. पण त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ मातीचा थर असतो. पावसाचं पाणी भोकांतून खाली झिरपतं आणि तो थर धुऊन नेतं, खालून लाटाही खात असतात. त्यामुळे वरचा टणक थर पुढे आलेल्या छज्जासारखा अधांतरी राहतो आणि वर उभ्या माणसाला हे दिसत नाही. मग एक दिवस मोठमोठे चिरे एकदम सुटून खाली जातात. टाळकेश्वर, कऱ्हाटेश्वर, काशेळी कुठंही जा, कड्याच्या पायथ्याला घराएवढे दगड पडलेले दिसतील, ते सगळे कधीतरी वरच होते. म्हणून माझा नियम, जिथं सड्याला काठाला समांतर भेग दिसते त्या भेगेच्या आतच राहायचं, पलीकडं पाऊल टाकायचं नाही. भेग दिसली नाही तरी काठापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवायचं. पोरांसाठी त्याच्या दुप्पट.

दुसरं, डिसेंबरातलं वाळकं गवत. त्याच्याखाली जांभ्याची बारीक खडी असते, गोट्यांसारखी फिरते, उताराला पाय गेला की थांबत नाही. उताराचा काठ असेल तिथं जायचंच नाही, सपाट काठ असेल तिथं बसून बघायचं. बसून बघितलं की चक्कर येत नाही आणि दिसतंही जास्त, कारण माणूस घाई करत नाही.

बामणघळीला समुद्राकडच्या तोंडाला उभं राहू नका, जमिनीकडच्या बाजूला मागं राहा. तिथं पोचल्यावर लगेच पुढे जायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं लांबून नुसतं बघायचं की पाणी जास्तीत जास्त कुठवर भिजवतंय. बारीक बारीक लाटा येत राहतात आणि मधेच एक मोठी येते, ती सगळ्यांच्या पुढे जाते. जिथवर कातळ ओला आहे तिथवर समुद्राची हद्द समजायची. फोटो काढताना पाठ समुद्राकडं करून उभं राहायचं नाही, बाबांना पण सांगा. आमच्या गावातले लोक शेंगदाणे विकत बसलेले असतात त्यांना विचारा आज कसं आहे, ते बरोबर सांगतात.

पौर्णिमेचा फायदा अजून एक आहे. रविवारी संध्याकाळी कऱ्हाटेश्वरला असाल तेव्हा ओहोटी असेल, खालचा कातळ बराच उघडा पडेल, पायऱ्यांनी खाली गेलेल्यांना नीट बघता येईल. समोर सूर्य बुडत असताना मागच्या डोंगरावरून चंद्र वर येतो. अंधार पडायच्या आत वर या आणि मग मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला मुक्कामाला जा. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव, सकाळी त्यांचं स्मारक बघता येईल.

सोमवारी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. तो रस्ताच मुळी कड्यावरून जातो, वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, पण गाडी वळणावर थांबवू नका, पुढे जागा आहे तिथं लावून चालत या. मग रत्नदुर्ग, दुपारचं जेवण आणि आंबा घाटाने वर. कोल्हापूरला जायची गरज नाही, मलकापूरहून कोकरूड, कराड करून साताऱ्याला निघता येतं. पाच-सहा तास धरून चाला.

भडंगप्रेमी_सांगली

म्हणजे काशेळी राहिलीच. सोमवारी रत्नदुर्ग सोडून काशेळीला जायचं म्हटलं तर जमेल का, पोराला हत्ती बघायचाय म्हणून विचारतो.

दुर्गभटक्या_कराड

जमणार नाही. रत्नागिरीहून काशेळी बघून परत आंबा घाट म्हणजे घाटात अंधार होतो आणि सोमवारी आईबाबा दमलेले असणार. पोराला हत्तीच पाहिजे असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नको, कातळ तापलेला असतो, पुढच्या दिवाळीत रत्नागिरी मुक्काम करून वेगळं करा. तोपर्यंत उक्षी रस्त्यापासून फार आत नाही, तिथंही हत्तीचंच कातळशिल्प आहे आणि भोवती कठडा घातलाय. गणपतीपुळ्याहून निघताना चौकशी करा, लवकर निघालात तर सोमवारी सकाळी बसेल.

यवतेश्वरचा_वारा

उक्षी चालेल, पोरगा तयार झाला. तर मग शनिवार गुहागर, टाळकेश्वर. रविवारी साडेदहापर्यंत हेदवी, बामणघळ, दुपारची बोट, जयगड, संध्याकाळी कऱ्हाटेश्वर, मुक्काम मालगुंड. सोमवारी उक्षी, आरे-वारे, वेळ उरला तरच रत्नदुर्ग. हरिहरेश्वर माघात चतुर्थी पंचमी बघून आईला घेऊन जाऊ. गुहागरला आणि मालगुंडला तळमजल्यावर खोल्या मिळतील अशी घरगुती सोय कुणाच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

वाईची_ताई

कळवते. आणि सोमवारचा क्रम फिरवा. उक्षी आरे-वारेच्या आधी करायला गेलात तर उगाच आतबाहेर होईल. आधी आरे-वारेने रत्नागिरी, रत्नदुर्ग सकाळीच उरकून घ्या आणि उक्षीला रत्नागिरीहून वाकडी वाट करायला वेळ आहे का ते तिथं दुपारी बाराला ठरवा. बारा वाजून गेले असतील तर सरळ घाटाकडं निघा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत असताना आंबा घाट उजेडातच चढायचा.

सड्यावरचा_माणूस

ताईंचं बरोबर आहे, तसंच करा. आणि शनिवारी निघायच्या आधी तवसाळची बोट चालू आहे ना एवढा फोन करून घ्या, कधी दुरुस्तीला असली तर हेदवीहून आत वळसा घालून जावं लागतं आणि मग संध्याकाळचं कऱ्हाटेश्वर हुकतं.